बिराजदारांचा टायगर

१

उदगीरचे दाळ मिलवाले उमाशंकर बिराजदार यांना त्यांच्याच कुत्र्याने त्यांच्याच देवघरापुढे चावा घेतला, आणि त्याबद्दल घरकाम करणाऱ्या सरजाबाईला घराबाहेर काढण्यात आलं. फोनवर एवढं ऐकलं तेव्हाच मला कळायला हवं होतं की त्या घरात कुत्रा सोडून कुणाशी बोलण्यात अर्थ नाही. तरी गेलो.

मी धम्मदीप सोनकांबळे. नांदेडच्या पोलीस श्वानपथकात सव्वीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर बिघडलेली कुत्री सुधारून देतो अशी पाटी लावली आहे. बिघडलेले असतात मालक, पण तसं पाटीवर लिहिलं तर गिऱ्हाईक फिरकणार नाही.

बिराजदार दिवाणखान्यात बसले होते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, उजव्या हाताला बँडेज, आणि सोफ्याला टेकवून ठेवलेली चांदीच्या मुठीची काठी. त्यांना चहा चिनी मातीच्या कपात आला, मला कागदी कपात. अशा गोष्टी मी आता बोलून दाखवत नाही, फक्त लक्षात ठेवतो.

"मला कुत्र्यांतलं कळतं हवालदार," ते म्हणाले. "मृगात एक खरजुलं कुत्रं रोज फाटकातून आत घुसायचं. घुसायचं ते थेट मागं, नोकरांच्या खोलीपुढं जाऊन बसायचं. एक दिवस ह्याच काठीनं पाय मोडला त्याचा. पुन्हा दिसलं न्हाई."

अशा माणसाला कुत्र्यांतलं किती कळतं हे मला लगेच कळलं.

"चावला कसा?"

"सोमवारी सकाळी पूजा करायलो होतो. हात जोडले, डोळे मिटले. मागून येऊन धरलं. लातूरला तीन महिने ठेवून ट्रेनिंग दिलेला जर्मन शेफर्ड हाय. इंग्रजीशिवाय ऐकत न्हाई. येऊन चारच दिवस झाले होते. त्या बाईनं काहीतरी खाऊ घालून बिघडवला. तुम्ही तसं लिहून द्या, मी ठाण्यात देतो."

"आणि कुत्र्याचं?"

"उद्या दहाला डॉक्टर यायलेत. इंजेक्शन."

म्हणजे एका सकाळी बाईची अब्रू आणि कुत्र्याचा जीव, दोन्हींचा निकाल लागणार होता आणि त्यावर माझी सही हवी होती. मी बँडेज सोडायला लावलं. कोपर आणि मनगट यांच्या बरोबर मधोमध चार भोकं होती. खोल, पण फाटलेलं काहीच नव्हतं. पाठमोऱ्या बसलेल्या माणसाला मागून आलेला कुत्रा खांदा धरेल, पाठ धरेल. छातीशी जोडलेल्या हातांच्या मधोमध तो तोंड कसं घालेल, हे मी बिराजदारांना विचारलं नाही.

कुत्रा मागे गाडीच्या शेडमध्ये बांधला होता. ड्रायव्हर व्यंकटी लांबूनच म्हणाला, "साहेब, जपून. लई डेंजर हाय."

"वय किती याचं?"

"तेरा महिने. दहा महिन्याचा असताना म्याच लातूरला सोडला."

मी कुत्र्याला हातानेच खूण केली. तो बसला. तोंड उघडून पाहिलं. पुढच्या दातांची टोकं झिजली होती, सुळ्यांच्या मुळाशी पिवळी पुटं चढली होती. मग मी कोपऱ्यातला खराटा उचलला आणि व्यंकटीच्या डोक्यावर मारल्यासारखा उगारला. व्यंकटी ओरडला. कुत्रा भुंकला नाही. तो उठला, ताठ झाला, आणि माझ्या उजव्या हाताच्या बरोबर मधोमध बघत राहिला. मी "लीव्ह" म्हटलं तसा खाली बसला.

हा कुत्रा बिघडलेला नव्हता. उगारलेला हात धरायचा आणि धरून थांबायचं, एवढंच त्याला कुणीतरी नीट शिकवलं होतं. प्रश्न असा होता की सोमवारी सकाळी बिराजदारांनी काठी कुणावर उगारली होती.

२

सरजाबाई सोमवारपासून रेल्वे फाटकापलीकडे आपल्या दोन खोल्यांत राहत होती. त्याआधी सात वर्षं बिराजदारांच्या बंगल्यामागच्या नोकरांच्या खोलीत होती, आणि आता गल्लीतली बाईसुद्धा तिला दारात उभी करत नव्हती. विष घालणारी म्हणून नाव झालं की धुणीभांडी कोण देणार?

"मावशी, मालकानं काठी उगारली कुणावर?"

तिने पदराचं टोक पिळलं. "कुणाला सांगू नगा. सात वर्षांत पयल्यांदाच उगारली."

"का?"

"म्या म्हनलं, मालक, ह्यो आपला कुत्रा न्हाई."

बोलणाऱ्याला मध्ये थांबवायचं नसतं, हे पोलिसात शिकलेलं एकमेव उपयोगी काम.

"त्याला समदे टायगर म्हनायचे. म्या येड्या म्हनायची. लई भित्रं व्हतं ओ. वरातीचा बँड वाजला की माझ्या बाजंखाली. रातच्याला माझ्या दारातच. ज्वारीची भाकर ताकात कुस्करून दिली की ताट चाटून पुसून. ते पाकिटातलं खानं त्यानं कंदी खाल्लंच न्हाई. म्या कोंबड्याला घालायची."

"मालकाला ठाऊक होतं?"

"मालकाला कसं कळंल? ऐतवारी पाहुने आले की सोफ्यापाशी आनून बसवायचं. पाहुने गेले की पुन्यांदा माझ्याकडं." तिने डोळे पुसले. "ह्यो नवा भाकरीकडं बघत बी न्हाई. मला वळखत न्हाई. पन काठी उगारली तवा मधी आला. माझ्यासाठी कोन येतंय मधी."

"ट्रेनिंगनं कुत्री बदलतात, मावशी. मृगात तुम्ही भेटायला गेला नव्हता लातूरला?"

"म्या हितं नव्हतेच. लेकीचं बाळंतपण उमरीला. पुरा महिना तिकडंच."

हेही मी लक्षात ठेवलं. पण अजून हातात काही नव्हतं. एक बाई म्हणते कुत्रा बदलला, आणि मालक म्हणतो तोच आहे. उदगीरमध्ये कुणाचं खरं धरतील हे सांगायला श्वानपथक लागत नाही.

३

परत बंगल्यावर गेलो. बिराजदार वामकुक्षीला गेले होते. त्यांच्या पत्नी शिवकन्याताई बाहेर आल्या. मी टायगरचे जुने फोटो मागितले. त्यांनी मालकांचा फोन आणून दिला. चाळीसेक फोटो होते. प्रत्येकात बिराजदार मधोमध, आणि कडेला कुठे कान, कुठे शेपूट. एका फोटोत कुत्र्याचं अख्खं तोंड आलं होतं, पण त्यावर कुणाच्या तरी सत्काराची शाल पडली होती. एवढ्या फोटोंत मिळून एक कुत्रा तयार होत नव्हता.

"ट्रेनिंगला पाठवताना काही कागद दिला होता का?"

त्यांनी फाइल काढली. लातूरच्या 'जंटलमन डॉग अकॅडमी'चा प्रवेश अर्ज. पाठीमागे सोनेरी काठाचं प्रमाणपत्र, त्यात टायगरला डिस्टिंक्शन. अर्ज बिराजदारांनी स्वतः भरला होता, टपोऱ्या अक्षरात.

मी वाचला. आहार: फक्त पाकिटातील, भाकरीस तोंड लावत नाही. झोप: दिवाणखान्यात, सोफ्याजवळ. भीती: फटाके, बँड कशासही घाबरत नाही. कुणाचे ऐकतो: फक्त मालकाचे. सवय: डाव्या पायाने शेकहँड.

"हे सगळं खरं होतं का ताई?"

शिवकन्याताई दाराकडे बघून हळू बोलल्या. "पाहुण्यांसमोर भरला त्यांनी. मी काय बोलणार? शेकहँड तर त्यानं कधीच केला नाही."

मी शेडमध्ये गेलो. कुत्र्यापुढे हात केला. त्याने डावा पाय उचलून माझ्या हातात दिला. मी व्यंकटीकडून भाकरीचा तुकडा मागवला. कुत्र्याने मान फिरवली.

बिराजदारांनी अर्जात जो कुत्रा लिहिला होता तो कधीच अस्तित्वात नव्हता. आणि तोच आता माझ्यासमोर बसला होता.

मी बसस्टँडची वाट धरली. लातूरला पोचायला ऊन कलण्याआधी गाडी मिळाली पाहिजे होती.

४

जंटलमन डॉग अकॅडमी औसा रोडवर एका मंगल कार्यालयाच्या भिंतीला भिंत लावून होती. फाटकाशी लोखंडी कड्यांची ओळ, मागे पत्र्याचं शेड. संचालक वीरेश हे तिशीतले गृहस्थ शेडमध्ये असूनही काळा चष्मा घालून होते. त्यांच्या गळ्यात शिट्टी आणि टी-शर्टवर स्वतःचाच फोटो होता.

"सर, डॉगला पॉझिटिव्ह एनर्जी लागते," ते म्हणाले. "मी ऑनलाइन कोर्स केलाय, सहा दिवसांचा."

मी सव्वीस वर्षांबद्दल काही बोललो नाही. मी त्यांना फार मोठं मानतो असा चेहरा करून बसलो. अशा माणसांना तो चेहरा फार आवडतो.

"बिराजदारांचा टायगर कसा होता हो, आला तेव्हा?"

"अहो, बेसिक डिसिप्लिन नव्हतं. पट्टा ओढायचा, अंगावर उड्या मारायचा. बाकी डॉग रॉयल. आल्या दिवशी आमच्या पोरानं भाकरी टाकली, त्यानं बघितलंसुद्धा नाही. पाकिटातलं दिलं तेव्हा खाल्लं."

"आणि बँडला वगैरे घाबरायचा का? शेजारी कार्यालय आहे म्हणून विचारतो."

"छे. इथंच बांधला होता फाटकाशी. अक्षय तृतीया होती, एकामागून एक तीन वराती. हा नुसता बघत बसला."

मी उठलो, फाटकाशी गेलो आणि कड्या पाहू लागलो. चार कड्यांना जुन्या साखळ्या होत्या. पाचवी कडी उजवीकडे वाकली होती आणि तिच्यात चामड्याच्या पट्ट्याचा दातांनी कुरतडलेला तुकडा अजून अडकून होता. तीन महिने तो तुकडा काढायचं कुणालाही सुचलं नव्हतं. अकॅडमीत झाडूपेक्षा प्रमाणपत्रं जास्त छापली जात असावीत.

"वीरेशजी," मी म्हणालो, "तो पहिल्या दिवशीच पळाला ना?"

त्यांनी काळा चष्मा काढला. आतले डोळे अगदी साधे, घाबरलेले होते.

५

मग मी वीरेशला समजावून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता बिराजदारांच्या दिवाणखान्यात तेच पुन्हा सांगितलं. त्याला सोबत आणलं होतं. तो दाराशी उभा होता, चष्म्याशिवाय. सरजाबाईलाही बोलावलं होतं. ती दाराबाहेर बसली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

"पहिली गोष्ट दातांची," मी म्हणालो. "वर्षाच्या कुत्र्याचे पुढचे दात टोकदार असतात. याचे झिजलेत. हा चार वर्षांचा आहे. तेरा महिन्यांचा कुत्रा तीन महिन्यांच्या ट्रेनिंगनं चार वर्षांचा होत नाही."

"दात घासले नसतील," बिराजदार म्हणाले.

मी पुढे गेलो. "दुसरी गोष्ट तुमचा अर्ज. त्यातली एकही ओळ खरी नाही. खरा कुत्रा भाकरी खायचा, बँडला भ्यायचा, सरजाबाईच्या दारात झोपायचा. ज्यानं त्याला एक दिवस जरी सांभाळला असता, त्याला अर्ज खोटा आहे हे कळलं असतं. पण वीरेशनं मला टायगर कसा होता ते सांगितलं, आणि तुमचा अर्जच म्हणून दाखवला. ओळीला ओळ. म्हणजे त्यानं कुत्रा धड बघितलाच नव्हता, फक्त अर्ज वाचला होता. कुत्रा गेल्यावर बदली आणायची तर कसा आणायचा? अर्जाबरहुकूम. भाकरी सोडवली, सोफा शिकवला, डावा पाय शिकवला."

वीरेश खाली बघून म्हणाला, "माजलगावच्या एका फार्महाऊसवर राखणीला होता हा. मालक परदेशी गेले, कुणाला तरी द्यायचाच होता. तुम्ही ओळखाल अशी भीती होती, साहेब. पण तुम्ही आलात, शेकहँड केलात, म्हणालात, वा, हाच आपला टायगर."

बिराजदारांच्या मानेची शीर फुगली. "पळाला कसा पण?"

"तुम्ही पळवला," मी म्हणालो. "बँडला घाबरत नाही असं तुम्ही पाहुण्यांसमोर लिहिलं. म्हणून वीरेशनं त्याला अक्षय तृतीयेला मंगल कार्यालयाच्या भिंतीशी बांधला. भित्र्या जनावरानं पहिल्या वरातीला पट्टा कुरतडला. अर्जात खरं लिहिलं असतं तर मागच्या शेडमध्ये राहिला असता."

"आणि हा मला चावला का?"

"कारण तुम्ही सरजाबाईवर काठी उगारली. हात जोडले होते असं सांगितलंत, पण जोडलेला हात मधोमध असा धरता येत नाही. उगारलेला येतो. ती खरं बोलली म्हणून तुम्ही मारायला उठलात, आणि कुत्र्यानं थांबवलं म्हणून तिलाच विष घालणारी ठरवलंत."

शिवकन्याताई आतल्या दारात येऊन उभ्या होत्या.

बिराजदारांनी वीरेशवर बोट रोखलं. "ह्याला मी सोडत न्हाई. लाखाचा कुत्रा घालवला माझा. ठाण्यात नेतो."

"न्या," मी म्हणालो. "पण तुमचा कुत्रा गेला नाही. अक्षय तृतीयेला लातुरातून निघाला आणि मृगात घरी पोचला."

बाहेर सरजाबाई उठून उभी राहिली.

"खरजुलं कुत्रं," मी बिराजदारांना म्हणालो. "रोज फाटकातून घुसायचं, थेट नोकरांच्या खोलीपुढं बसायचं. परक्या कुत्र्याला ती खोली कशी ठाऊक? ज्या बाईसाठी येत होता ती उमरीला होती. घरात दुसरं कुणी त्याला ओळखत नव्हतं. तुम्ही तर नाहीच."

सगळ्यांनी सोफ्याला टेकलेल्या काठीकडे पाहिलं. मग दारातून व्यंकटीचा आवाज आला.

"मालकानं लांब सोडून ये म्हनले. मला लई वंगाळ वाटलं साहेब. मोंढ्यात सोडलं. हमाल लोकं खाऊ घालायलेत. मागच्या आठवड्यात बी बघितला म्या."

६

मोंढ्यात सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्पीमागे एक हातगाडा उलटा टाकलेला होता. त्याखाली तो होता. अंगावर केस पुन्हा उगवले होते, मागचा डावा पाय वाकडा जोडला गेला होता. हमाल कडेला उभे राहून बघत होते, दोन अडतेही येऊन थांबले. बिराजदारांना सगळा मोंढा ओळखतो.

ते काठी टेकत पुढे आले. "टायगर, कम."

काठीचा आवाज ऐकताच कुत्रा हातगाड्याच्या पार टोकाला सरकला आणि तिथेच मुतला. एक हमाल हसला. दुसरा म्हणाला, "मालक, तुमचा हाय व्हय ह्यो? मग पाय कुनी मोडला ओ ह्याचा?"

बिराजदारांनी अडत्यांकडे पाहिलं, हमालांकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं. हो म्हटलं तर वीरेशला खडी फोडायला लावता आली असती. पण हो म्हटलं तर त्या मोंढ्यात, त्या माणसांसमोर, आपल्याच कुत्र्याचा पाय आपण मोडला आणि तो आपल्याला ओळखताही आला नाही, हे मान्य करावं लागलं असतं. त्यांना विचार करायला फार वेळ लागला नाही.

"न्हाई," ते म्हणाले. "ह्यो माझा न्हाई. माझा घरी हाय."

मला आश्चर्य वाटलं नाही. सव्वीस वर्षांत मी चोर पुष्कळ पाहिले, पण त्यांच्यातल्या कुणालाही स्वतःच्या कुत्र्याला नाकारताना पाहिलं नव्हतं. वीरेश सुटकेचा श्वास टाकून पोत्यांमागून दिसेनासा झाला. त्याच्यावर आता कुणाची तक्रारच नव्हती.

मी खिशातून कोरा कागद काढला. "मग लिहून द्या. घरचा कुत्रा निरोगी आहे, तो तुम्ही धम्मदीप सोनकांबळेला दिलात. आणि सरजाबाईनं त्याला काहीही घातलेलं नाही, दोष तिचा नव्हता. नाही तर हमालांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, इथंच."

त्यांनी पोत्यावर कागद ठेवून लिहिलं. अक्षर तसंच टपोरं होतं. सही करून झाल्यावर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हवालदार, आता लॅब्राडोर घ्यावा म्हणतो. तुम्ही ट्रेनिंग द्याल का?"

"आधी तुम्हाला द्यावं लागेल," मी म्हणालो. "माझ्याकडं तेवढी वर्षं उरली नाहीत."

इतका वेळ सरजाबाई हातगाड्याजवळ उकिडवी बसली होती. तिने कमरेचं गाठोडं सोडलं आणि ज्वारीची भाकर काढली. "येड्या," ती म्हणाली, आवाज न चढवता. कुत्रा आधी नाक बाहेर काढून थांबला, मग तीन पायांवर उड्या टाकत आला आणि तिच्या मांडीत डोकं खुपसून कण्हू लागला. भाकरी त्याने नंतर खाल्ली.

बिराजदार गाडीकडे निघाले होते. सरजाबाईने त्यांना हाक मारली. सात वर्षांत तिने त्यांना पहिल्यांदाच हाक मारली असेल.

"मालक, खरंच तुमचा न्हाई ना ह्यो?"

"न्हाई म्हनलं न्हाई का."

"बरं झालं," ती म्हणाली. "तुमचा असता तर मला मागावा लागला असता."

ती कुत्र्याला घेऊन रेल्वे फाटकाकडे निघाली. त्याच्या पायामुळे हळूहळू चालत होती.